शिशाविना लोखंड : पार्थेनॉनच्या एका दुरुस्तीचे प्रकरण

अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवरचे पार्थेनॉन मंदिर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तपासायला घेतले, तेव्हा त्याच्या दगडांत दोन काळांतले लोखंड सापडत होते. एक इ.स.पूर्व पाचव्या शतकातले, मूळ बांधणीचे. दुसरे इ.स. १९००च्या अलीकडचे-पलीकडचे, दुरुस्तीचे. शिशाचे आवरण जिथे टिकले होते तिथले मूळ लोखंड चोवीस शतकांनंतरही धड होते आणि भोवतीचा संगमरवर अखंड होता. दुरुस्तीचे लोखंड मात्र काही दशकांतच गंजून फुगले आणि त्याने आतून दगड फोडला. इमारत एक, दगड एक, पाऊस आणि भूकंपही तेच. मग नवे लोखंड का हरले?

उत्तर एका वाक्यात देता येते : जुन्या कारागिरांनी लोखंडाभोवती शिसे ओतले होते, नव्यांनी ओतले नाही. पण शिशाची गरज का पडली, आणि ते वगळल्यावर तुळईसारखा अवजड दगड कसा फुटतो, हे कळायला मंदिर कसे उभे राहिले ते पाहावे लागते. कारण या इमारतीत चुना नाही, गारा नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसला आहे तो केवळ वजनाने, घासून बसवलेल्या सांध्याने आणि थोड्या धातूने.

पेंटेलीचा दगड

इ.स.पूर्व ४४७ मध्ये काम सुरू झाले आणि ४३८ पर्यंत इमारत उभी राहिली. शिल्पांचे काम ४३२ पर्यंत चालले. इक्टिनोस आणि कल्लिक्रातेस हे स्थपती, तर शिल्पांवर देखरेख फिडियासची. दगड आला अथेन्सच्या ईशान्येला सुमारे १६ किलोमीटरवर असलेल्या पेंटेली डोंगरातून. हा बारीक कणांचा पांढरा संगमरवर. त्यात अत्यल्प लोह असते, म्हणून काळाने त्याला मधासारखी पिवळसर झाक येते. त्यात अभ्रकी पदरही असतात. पाणी शिरते ते याच पदरांतून, आणि ताण आला की दगड उकलतोही इथेच. खाणीतल्या पाथरवटाला दगड निवडताना सर्वात आधी हे पदर वाचावे लागत.

ठोकळा काढायचा तो चारी बाजूंनी चर खोदून. बुडाशी ओळीने खाचा पाडायच्या, त्यांत पाचरी मारायच्या, आणि दगड आपल्या नैसर्गिक पदरावर सुटू द्यायचा. खाणीतच त्याला जवळपास अंतिम आकार दिला जाई, पण सगळीकडून काही सेंटिमीटर जास्तीचे अंग ठेवून. वाटेत कोपरा उडाला तर तो या जास्तीच्या अंगातला उडावा, हा हेतू. शिवाय अनावश्यक वजन वाहायचे नाही, हेही होतेच. डोंगराच्या उतारावरून ठोकळे लाकडी घसरगाड्यांवर खाली सोडत आणि गाडी सुटू नये म्हणून दोरखंड खांबांना वेढे देऊन हळूहळू ढिले करत. सपाटीवर गाड्या. या कामावर राबलेल्या आणि म्हातारपणी सुट्टी मिळालेल्या एका खेचराची गोष्ट प्राचीन लेखकांनी नोंदवली आहे. ते आपणहून बाकीच्या जनावरांबरोबर चढ चढत राही, म्हणून अथेन्सने त्याच्या चाऱ्याची सोय सरकारी खर्चाने केली.

वजनांचा अंदाज येण्यासाठी साधा हिशेब करू. खांबाचा बुडाशी व्यास १.९ मीटर. त्यातला एक गोल ठोकळा सुमारे ०.९ मीटर उंच धरला तर तो अडीच घनमीटर, म्हणजे जवळपास ७ टन भरतो. बाहेरच्या ओळीवरची एक तुळई ४.३ मीटर लांब, १.३५ मीटर उंच आणि सुमारे ०.६ मीटर जाड. ती ९ टनांच्या वर जाते. कप्प्यांची यारी ग्रीकांकडे या काळापर्यंत आली होती. ठोकळ्यावर दोर अडकवायला चारही बाजूंना दगडाचेच टेंगूळ राखून ठेवत आणि दगड बसल्यावर ते छाटून टाकत. शेजारच्या प्रोपिलाया या प्रवेशद्वाराचे काम पुरे झाले नाही, म्हणून त्याच्या भिंतींवर ही टेंगळे आजही दिसतात.

जोते सपाट नाही

पार्थेनॉनच्या जागी आधी एक मंदिर उभारायला घेतले होते. मॅरेथॉनच्या लढाईनंतर त्याची सुरुवात झाली आणि इ.स.पूर्व ४८० मध्ये पर्शियन सैन्याने ते अर्धवट अवस्थेतच उद्ध्वस्त केले. त्याचा पाया अथेन्सच्या पिरेयस बंदराकडच्या चुनखडीचा होता. दक्षिणेकडे टेकडी खाली उतरते, म्हणून तिथे तो १० मीटरांहून अधिक खोल न्यावा लागला होता. हाच पाया वाढवून पार्थेनॉन त्यावर उभे केले. घडून ठेवलेले जुने संगमरवरी ठोकळेही वापरले. जे जळून-तडकून निकामी झाले होते, असे काही गोल ठोकळे अक्रोपोलिसच्या उत्तर तटात चिणलेले अजून दिसतात.

त्यावर तीन पायऱ्यांचे संगमरवरी जोते. वरची पायरी ३०.८८ मीटर रुंद आणि ६९.५ मीटर लांब. हे जोते सपाट नाही. ते मध्यभागी वर उचललेले आहे : आखूड बाजूंना सुमारे ६ सेंटिमीटर आणि लांब बाजूंना सुमारे ११ सेंटिमीटर. एका टोकाला उभे राहून जोत्याच्या पातळीत डोळा नेला की हा फुगवटा स्पष्ट दिसतो. पावसाचे पाणी साचत नाही, हा त्याचा एक फायदा.

या फुगवट्याचा परिणाम वरपर्यंत जातो. खांब ओळंब्यात नाहीत. ते आतल्या बाजूला सुमारे ७ सेंटिमीटर कललेले आहेत. कोपऱ्यांचे खांब बाकीच्यांपेक्षा किंचित जाड. प्रत्येक खांबाच्या मधल्या अंगाला दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा बारीक फुगवटा. खांबावरच्या तुळयाही त्याच बाकात चालतात. म्हणजे सर्वात खालच्या ठोकळ्याचे बूड उतरत्या जोत्यावर बसते, आणि खांबाचा कल साधायचा तर त्याची एका बाजूची उंची दुसरीपेक्षा वेगळी ठेवावी लागते. बाहेरच्या ४६ खांबांत हा फरक जागेनुसार बदलतो.

या प्रकरणात महत्त्वाचे आहे ते हे : पार्थेनॉनमधले दोन ‘सारखे’ दगड सारखे नसतात. प्रत्येकाची जागा ठरलेली असते. सांगाडा सरळ रेषांचा असता, तर एका खांबाचा ठोकळा दुसऱ्यात चालून गेला असता. इथे तो काही मिलिमीटरांनी चुकतो, आणि चुकलेले मिलिमीटर वरच्या थरात जमत जातात.

सांधा

चुना नाही, तर दोन दगडांमध्ये फट राहता कामा नये. पण ९ टनांच्या दगडाची अख्खी बाजू दुसऱ्याशी केसभरही फट न ठेवता जुळवणे अशक्यप्राय असते. ग्रीकांनी यावर काढलेला तोडगा अत्यंत शहाणपणाचा आहे. सांध्याच्या बाजूला फक्त कडेची पट्टी तंतोतंत गुळगुळीत करायची आणि मधला भाग टाकीने खरवडून किंचित खोल ठेवायचा. दगड एकमेकांना भिडतात ते कडेच्या चौकटीत. काम कमी होते, आणि दिसणारा सांधा इतका घट्ट बसतो की त्यात पाते शिरत नाही. आडव्या बैठकीला मात्र वजन पेलायचे असते, म्हणून तिथे भिडणारे क्षेत्र मोठे ठेवावे लागते.

पट्टी सपाट झाली की नाही हे डोळ्याने ठरवत नसत. तेलात कालवलेला गेरू सरळ पट्टीला लावायचा आणि ती दगडावर फिरवायची. जिथे रंग उमटला तिथे उंचवटा. तो काढायचा, पुन्हा पट्टी फिरवायची, आणि रंग सगळीकडे एकसारखा उमटेपर्यंत हेच करत राहायचे. लेबादिया इथल्या झ्यूसच्या मंदिराच्या कामाच्या अटी दगडावर कोरलेल्या आहेत. त्यांत गेरू लावून सांधा तपासण्याची ही पद्धत ठेकेदाराला बंधनकारक केलेली दिसते. आजचे यंत्रकारागीर निळा रंग लावून पृष्ठभाग तपासतात, ते हेच.

दगड जागेवर उतरवला की शेवटचे काही सेंटिमीटर तो पहारीने ढकलत शेजाऱ्याला भिडवायचा. त्यासाठी खालच्या थराच्या माथ्यावर पहारीचे टोक रुतवायला छोटी खाच पाडत. या खाचा वरच्या दगडाखाली झाकल्या जातात, पण इमारत कोसळली की उघड्या पडतात. वरचा दगड कुठे संपत होता आणि कोणत्या दिशेने ढकलला होता, हे त्यांच्यावरून कळते. पुढे अलीकडच्या जीर्णोद्धाराच्या वेळी या खाचांचा फार उपयोग झाला.

आकडे, खुंट्या आणि शिसे

दगड बसला की त्याला शेजाऱ्याशी आणि खालच्या थराशी बांधायचे. शेजाऱ्याशी बांधतो तो आकडा : साधारण फूटभर लांबीची, दोन्ही टोकांना आडवी पट्टी असलेली लोखंडी पकड. वरून पाहिले तर ती इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखी दिसते. दोन दगडांच्या माथ्यावर सांध्याच्या आरपार तिच्याच आकाराची, पण तिच्यापेक्षा मोठी खाच कोरायची. खालच्या थराशी बांधतात त्या उभ्या, चपट्या लोखंडी खुंट्या. त्या सहसा दगडाच्या मोकळ्या टोकाला असतात, कारण दुसरे टोक आधीच बसलेल्या शेजाऱ्याला भिडलेले असते.

मग शिसे. ते ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे साध्या भट्टीवर जागीच पातळ करता येते. आकडा खाचेत ठेवून भोवतीची मोकळी जागा शिशाच्या रसाने भरायची, माथ्यावरही शिशाचा थर येईल अशी. इथे चुका होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. खाच ओली असेल तर रस पडताच वाफ होते आणि शिसे उडते. ओतणाऱ्याला भाजते, आणि आत पोकळ्या राहतात त्या वेगळ्याच. आकडा खाचेच्या बुडाला टेकलेला राहिला तर त्या बाजूला आवरण होत नाही आणि गंज तिथूनच धरतो. शिवाय शिसे थिजताना आकसते, म्हणून गार झाल्यावर ते बोथट छिन्नीने ठोकून बसवावे लागते. ते राहिले तर केसाएवढी फट उरते, आणि पाण्याला तेवढी पुरते.

या शिशाची कामे दोन. पहिले उघड आहे : पाणी आणि हवा लोखंडापर्यंत पोहोचू न देणे. दुसरे कमी लक्षात घेतले जाते. शिसे मऊ असते. भूकंपात दोन दगड एकमेकांपासून किंचित हलले, तर कडक लोखंड आणि कडक दगड यांच्या मध्ये ते दबते आणि सरकते. दगडाच्या एका टोकावर सगळा ताण एकवटत नाही. म्हणजे शिसे एकाच वेळी छत्री आणि उशी आहे. मराठी वाचकांना शिशाचा हा वापर अनोळखी नाही. सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे शिशाच्या रसात बसवल्याची परंपरा आपण ऐकत आलो आहोत. अर्थात तिथला समुद्र आणि तिथले काम वेगळे.

मूळ लोखंडाचा दर्जाही चांगला होता. ते ठोकून, दुमडून घडवलेले असे. पण टिकण्याचे सगळे श्रेय त्याला देणे चूक ठरेल. जिथे शिशाचे आवरण फुटले, किंवा धातूसाठी कोणी उकरून काढले, तिथे प्राचीन लोखंडही गंजलेले आढळले आहे.

खांब आणि तुळया

बाहेरचा खांब १०.४३ मीटर उंच, एकावर एक ठेवलेल्या दहा ते बारा गोल ठोकळ्यांचा. या ठोकळ्यांत लोखंड नाही. प्रत्येकाच्या माथ्याच्या आणि बुडाच्या मध्यावर चौकोनी खोबण, तीत घट्ट बसवलेला लाकडी ठोकळा, आणि दोन्हींच्या मधून जाणारी लाकडी गोल खुंटी. तिचे काम वरचा ठोकळा बरोबर केंद्रावर आणण्याचे. ही लाकडे काही सांध्यांत आजवर टिकली, यावरून तो सांधा किती बंद होता ते समजते.

खांबाच्या २० उभ्या पन्हळी शेवटी कोरत. आधी कोरलेल्या असत त्या फक्त सर्वात खालच्या ठोकळ्याच्या तळाशी आणि शिरोभागाच्या गळ्याशी. मधले अंतर खांब उभा राहिल्यावर दोरी आणि ओळंब्याने जोडून घ्यायचे. सिसिलीतल्या सेजेस्ता इथल्या अपुऱ्या मंदिराचे खांब पन्हळींशिवाय तसेच उभे आहेत. कामाचा क्रम तिथे जाऊन डोळ्यांनी पाहता येतो.

भूकंपात असा खांब अखंड काठीसारखा मोडत नाही. ठोकळे किंचित सरकतात, डोलतात, फिरतात, आणि घर्षणात ऊर्जा खर्च होते. बारीक हालचालीची ही मुभा म्हणजे दोष नव्हे. खांब तिच्यामुळेच उभे राहिले.

तुळईची गोष्ट वेगळी. संगमरवर दाब भरपूर सोसतो, पण ताण त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. दोन खांबांवर टेकलेल्या तुळईच्या खालच्या अंगाला कायम ताण असतो. म्हणून पार्थेनॉनमध्ये खांबांवर एकच जाड तुळई न ठेवता शेजारी शेजारी तीन उभ्या तुळया ठेवल्या आहेत. उचलायला सोपे, आणि एक तडकली तरी बाकीच्या दोन भार घेतात. तुळयांच्या वर पट्ट्या-चौकटींचा थर आणि कंगणी, त्यावर लाकडी छप्पर आणि संगमरवरी कौले.

तुळईत लोखंड घालणे ग्रीकांना माहीत नव्हते असे नाही. प्रोपिलायाच्या आयोनिक शैलीच्या तुळयांच्या माथ्यावर चर खोदून लोखंडी कांबी ठेवल्या होत्या. पण कांबीखाली थोडी मोकळी जागा सोडली होती, म्हणजे भाराने ती वाकली तरी तुळईच्या मध्यावर टेकणार नाही. लोखंड आणि दगड वेगवेगळे वागतात, हे त्या आखणीत गृहीत धरलेले आहे.

१६८७, १८९४ आणि बालानोस

२६ सप्टेंबर १६८७. व्हेनिसच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि ऑटोमन सैन्याने पार्थेनॉनमध्ये दारूगोळा ठेवला होता. त्यावर तोफेचा गोळा पडला. स्फोटात छप्पर गेले, भिंती बाहेर फेकल्या गेल्या, उत्तरेचे आठ आणि दक्षिणेचे सहा खांब कोसळले. इमारतीचे दोन तुकडे झाले : एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा, आणि मध्ये राशी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिनच्या माणसांनी शिल्पे उतरवताना आणखी दगड कापले. १८९४ मध्ये भूकंप झाला, आणि ग्रीक राज्याला मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली.

हे काम अभियंता निकोलाओस बालानोस यांच्याकडे आले. १८९८ ते १९०२ मध्ये त्यांनी पश्चिम बाजू बांधून घेतली. १९२२ पासून पुढच्या दशकभरात उत्तरेची कोसळलेली ओळ पुन्हा उभी केली. आज छायाचित्रांत जे ‘सलग’ पार्थेनॉन दिसते, त्याची उत्तर बाजू सलग झाली ती त्यांच्यामुळे. त्या काळी लोखंड आणि सिमेंट ही नवी, भरवशाची सामग्री समजली जाई. संगमरवराच्या पोटात, नजरेआड राहणारे लोखंड पुढे काय करेल याचा अनुभव फारसा कोणाकडे नव्हता. त्यामुळे त्यांच्यावर आज सहज झोड उठवणे मला योग्य वाटत नाही. पण चुका नेमक्या सांगायलाच हव्यात, आणि त्या तीन होत्या.

पहिली, आकड्यांभोवती शिसे ओतले नाही. खाचा सिमेंटने भरल्या. फुटलेल्या दगडांत चर खोदून मोठ्या लोखंडी कांबी आणि गर्डर बसवले, तेही तसेच शिशाविना.

दुसरी, जमिनीवर पडलेले दगड एकमेकांच्या जागी चालतील असे मानले. मूळ जागा न शोधता जो जवळपास बसला तो घेतला, आणि जिथे जमले नाही तिथे दगड तासला. जोते सपाट नसल्याचा मुद्दा इथे आडवा आला.

तिसरी चूक मला सर्वात जड वाटते. तुकडे जोडण्यासाठी मूळ फुटीचे खडबडीत पृष्ठभाग कापून सपाट केले आणि वेगवेगळ्या दगडांचे तुकडे एकत्र सांधले. हरवलेला भाग सिमेंटने भरला. गंजलेले लोखंड काढता येते. कापून टाकलेली फूट परत येत नाही.

लोखंड फुगते तेव्हा

सिमेंट सुरुवातीला लोखंडाचे रक्षण करते, कारण त्यातला क्षार लोखंडावर संरक्षक पापुद्रा धरतो. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत मुरतो आणि क्षारपणा संपवतो. टेकडीच्या माथ्यावर, छप्पर नसलेल्या इमारतीत, सांध्यातून पाणी सतत येत राहते. मग गंज सुरू होतो.

गंज म्हणजे लोखंड झिजणे एवढेच आपल्या डोळ्यांपुढे असते. बंद खाचेत मात्र उलटे घडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते, आणि पाणी धरलेल्या गंजात ते सहा पटींपर्यंत जाते. त्याला जायला जागा नसते. तो खाचेच्या भिंती बाहेर रेटतो, म्हणजे नेमका ताण निर्माण करतो, जो संगमरवराला सर्वात कमी झेपतो. खाचेच्या कोपऱ्यातून बारीक तडा निघतो आणि जवळच्या मोकळ्या पृष्ठभागाकडे जातो. अभ्रकी पदर वाटेत असेल तर त्याच्यातून धावतो. तड्यातून आणखी पाणी आत येते, गंज वाढतो, तडा रुंदावतो. शेवटी खाचेवरची कपची, कधी अख्खा कोपरा, सुटून पडतो. पातळ आकड्यापेक्षा जाड गर्डर अधिक घातक, कारण फुगायला लोखंडच जास्त.

बाहेरून ओळखायच्या खुणा ठरलेल्या असतात. सांध्याला काटकोनात किंवा समांतर जाणारा, दगडाच्या पदराशी न जुळणारा सरळ तडा. त्यातून ओघळलेला तांबूस डाग. लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज. दोन कडांच्या पातळीत बोटाला जाणवणारा फरक. डाग नाही म्हणून लोखंड ठीक आहे असे समजू नये. खोल गर्डर डाग पाडण्याआधीच दगड उकलतो.

१९७० च्या दशकापर्यंत ही अवस्था सगळ्या अक्रोपोलिसवर दिसू लागली. शहराच्या धुरातल्या गंधकाने संगमरवराच्या पृष्ठभागाचा जिप्सम होत होता ते वेगळे. १९७५ मध्ये स्मारकांच्या जतनासाठी ग्रीक सरकारने समिती नेमली. फेब्रुवारी १९८१ च्या भूकंपाने पार्थेनॉनच्या पूर्व बाजूला इजा केली आणि काम लांबवता येणार नाही हे स्पष्ट झाले. १९८३ मध्ये वास्तुविद मनोलिस कोरेस आणि खारालाम्बोस बुरास यांचा जीर्णोद्धाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि १९८६ मध्ये पूर्वेकडून काम सुरू झाले. उत्तरेच्या ओळीचे काम २००१ ते २००९ या काळात झाले.

उलगडणे

बालानोस यांनी बांधलेले आधी उतरवायचे होते. प्रत्येक दगड जागेवरच मोजायचा, रेखाटायचा, त्याला क्रमांक द्यायचा, मग यारीने खाली. यंत्र दगडाशेजारी धडधडू द्यायचे नाही. गंजलेले लोखंड उपसताना दगडावर जोर देऊन चालत नाही, कारण तडा आधीच तयार असतो आणि एका झटक्यात कपची निघते. म्हणून भोवतीचे सिमेंट थोडे थोडे काढत, लोखंड तुकड्यांनी कापत बाहेर घ्यायचे. हे संथ काम असते, आणि घाई केलेली इथे लगेच दिसते.

मग दगडाची मूळ जागा शोधायची. पहारीच्या खाचा, आकड्यांच्या खाचांमधली अंतरे, खुंट्यांची भोके, सांध्याच्या पट्टीची रुंदी, माथ्याचा कल, पावसाने कोणती बाजू झिजवली, स्फोटाच्या आगीने कोणती भाजली, हे सगळे जुळवायचे. वरच्या दगडाच्या खुंटीचे भोक आणि खालच्या दगडावरचे भोक एका ओळीत आले, आकड्याची अर्धी खाच शेजारच्या अर्ध्या खाचेला भिडली, की जागा पक्की. जोत्याच्या ज्या फुगवट्याने बालानोस यांना अडचणीत टाकले, तोच इथे मदतीला येतो. प्रत्येक दगड वेगळा आहे, म्हणूनच त्याचा पत्ता सापडतो.

फुटलेले तुकडे त्यांच्या मूळ फुटीवरच जोडले गेले, टायटॅनियमच्या आटे पाडलेल्या सळ्यांनी आणि पांढऱ्या पोर्टलंड सिमेंटच्या लगद्याने. हरवलेल्या भागासाठी पेंटेली डोंगराच्याच दुसऱ्या बाजूच्या, दिओनिसोस इथल्या खाणींतून नवा संगमरवर आणला. तो बसवण्याची रीत बालानोस यांच्या अगदी उलट : प्राचीन फुटीला हात लावायचा नाही. तिचा प्लास्टरमध्ये ठसा घ्यायचा आणि मोजमाप हस्तांतरित करणाऱ्या यंत्राने नव्या दगडावर तिची उलटी प्रत कोरायची. नवा दगड जुन्याच्या प्रत्येक खळग्यात जाऊन बसतो. पुढे कधी मूळ तुकडा सापडला, तर नवा काढून तो परत लावता येतो.

टायटॅनियम का, शिसे आणि लोखंडच पुन्हा का नाही? टायटॅनियम गंजत नाही, त्यामुळे फुगण्याचा प्रश्नच मिटतो. गरम-थंड होताना ते लोखंडापेक्षा कमी प्रसरण पावते. पण ते मजबूत असल्यामुळे एक नवाच धोका उभा राहतो. आकडा दगडापेक्षा बलवान झाला, तर भूकंपात आकडा टिकेल आणि प्राचीन दगड फुटेल. म्हणून प्रत्येक जोडणीचा हिशेब उलट्या बाजूने करतात. आधी त्या जागचा दगड किती ताण सोसेल ते काढायचे, मग सळीचा व्यास आणि संख्या अशी ठरवायची की दगड तुटण्याआधी धातू ताणला जावा. शिसे जे काम मऊपणाने करत होते, ते इथे गणिताने साधायचे असते. जोडणी करणाऱ्याला वाटते की अजून एक सळी घातली तर बरे. या इमारतीत ती जास्तीची सळीच नुकसान करते.

आकड्यांसाठी नव्या खाचाही शक्यतो खोदत नाहीत. इ.स.पूर्व पाचव्या शतकात पाथरवटाने कोरलेली मूळ खाच साफ करतात, आणि टायटॅनियमचा आकडा त्याच मापात घडवून तिच्यातच बसवतात.